भातकुलीला आलेला पाहुणा

अमरावतीहून निघालेली एस. टी. थोड्याच वेळात भातकुलीला येऊन टेकते. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यांत कपाशी आणि तूर. जमीन डोळ्यांना मोठी सुपीक दिसते, पण जमिनीखालचे पाणी खारे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातले हे आमचे गाव. जैन बांधव येथे आदिनाथाच्या दर्शनाला येतात, आणि जाणकार सांगतात की पुराणातले भोजकट ते हेच. कृष्णाने कौंडिण्यपुराहून रुक्मिणीला नेले, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी प्रतिज्ञा करून पाठलागावर निघाला. कृष्णाला जिंकल्यावाचून घरी परतणार नाही, म्हणाला. हरला, आणि मग शब्दाला जागून घरी गेलाच नाही, येथेच नगर वसवून राहिला. घरी परतता न आलेल्या माणसाचे हे गाव, असे लहानपणी आम्ही गमतीने म्हणत असू. पुढे एक दिवस ती गंमत उरली नाही.

एका स्नेह्याची चिठ्ठी घेऊन एक गृहस्थ अमरावतीला माझ्या घरी आले. वय पन्नाशीच्या अलीकडचे, चांगली नोकरी, बोलणे शांत. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुना कागद काढला. तान्हे असताना ते एका संस्थेतून दत्तक गेले होते, आणि त्या संस्थेच्या नोंदीत आईविषयी एवढेच लिहिलेले होते : ‘अविवाहित. भातकुलीजवळच्या खेड्यातील.’

“मला आई आहे हो,” ते घाईघाईने म्हणाले. “मी दत्तक आहे हे तिने मला शाळेत जाण्यापूर्वीच सांगितले होते. काही कमी पडू दिले नाही. पण परवा मुलीला दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांनी विचारले, घराण्यात कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार? मी गप्प बसलो. घराण्याचे पहिले पान मीच, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवले.”

मी भरीला पडलो. गाव आपले, माणसे आपली. दोन दिवसांत पत्ता लावून देतो, असे मी सांगून टाकले. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी येथे बदलले आहेत, आणि साल तर मुद्दामच देत नाही. तसे का, ते पुढे कळेल.)

दुसऱ्या दिवशी आम्ही भातकुलीला गेलो. पाहुण्यांना देवळाकडे धाडून मी आत्याच्या ओसरीवर बसलो. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. आसपासच्या दहा गावांतली लग्ने, बारशी आणि भांडणे तिला तोंडपाठ. मी कागदावरचा मजकूर वाचून दाखवला. निवडत असलेली तूर तिने सुपात तशीच ठेवली.

“एक पोरगी व्हती,” ती हळूच म्हणाली. “आखाडीले पंढरपूरले नेली म्हून सांगतलं, अन् दिवाळीले वापस आनली. कोनी काई इचारलं नाई. इचारायचं नाई, असंच ठरलं व्हतं.”

“कोणती गं? कुणाच्या घरची?”

“मले ठावं हाय. पन तुले सांगनार नाई. थे आता नातवायत हाय, बापू. तिच्या दारात तू कोन म्हून उभा राहाशीन?”

मला राग आला. एक माणूस आपले मूळ शोधत इतक्या लांबून येतो, आणि ही म्हातारी तोंड शिवून बसते! रात्री मात्र झोप येईना. ‘पंढरपूरले नेली’ हे तिचे शब्द डोक्यात घोळत राहिले.

पंढरपूरचे नाव त्या मुलीच्या घरच्यांनी केवळ निमित्त म्हणून सांगितले, की खरेच तिला तेथे नेले, हे आत्यालाही माहीत नाही. पण यात्रेच्या गर्दीचा असा आडोसा फार जुना आहे. कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी दरसाल आषाढीला पंढरपूरला जाते. त्या गर्दीत कोण कशासाठी निघाले आहे, ते कोण विचारणार? बालविधवांना पुनर्विवाहाची वाट बंद होती त्या काळात, पाऊल घसरलेल्या अथवा कुणी फसवलेल्या कितीएक जणी देवदर्शनाच्या नावाखाली घर सोडीत. मागे राहिलेल्या अर्भकाची गती काय होई, ते सांगायला नको. म्हणूनच १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले आणि प्रार्थना समाजाने ते चालवले. पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ते ओळखले जाऊ लागले.

त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरीच असे गृह उघडले होते. एका ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भयाने आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे त्यामागचे निमित्त. येथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या खुशीवर, अशा अर्थाची पत्रके त्यांनी लावली. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन गेल्याचे जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्या याच यशवंताच्या दवाखान्यात राबताना.

आपल्या वऱ्हाडानेही या बाबतीत आवाज उठवला होता. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारले की, त्या गुन्ह्यातला पुरुष कुठे आहे? माझ्या पाहुण्यांच्या कागदावरही बापाचा उल्लेख नव्हता. लपायचे, पंढरपूर गाठायचे, रिकाम्या ओटीने परतायचे आणि जन्मभर गप्प राहायचे, हे सगळे एकट्या तिच्या वाट्याला.

त्या गृहांनी दिलेली गुप्तता म्हणजे अशा बाईभोवती धरलेली ढाल होती. तिच्यावाचून ती जगली नसती, आणि मूलही नाही. मुलाला अंधारात ठेवणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. पण मूल मोठे होते, आणि ढालीच्या दुसऱ्या बाजूने दार ठोठावू लागते.

हा पेच जगात सगळीकडे पडला आहे. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांना आपला मूळ जन्मदाखला पाहण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने मिळाला. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांच्या गृहांची सरकारी चौकशी झाली. १८ संस्थांत मिळून सुमारे ९,००० मुले दगावल्याचे २०२१ च्या अहवालात आले, आणि पुढल्याच वर्षी तेथेही मुलांना आपल्या जन्माची माहिती मिळण्याचा कायदा झाला.

आपल्याकडे काय, म्हणून मी एका वकील मित्राला गाठले. त्याने २०२२ चे दत्तक नियम समोर ठेवले. मूळ शोधण्याची वाट त्यांत आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तकाला स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान असेल तर दत्तक आईबापांसह. अर्ज संबंधित संस्थेकडे किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे करायचा. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केलेली असेल, तर आधी तिची संमती हवी. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तरी मूल का व कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले, ते मुलाला सांगायचे. आणि तिऱ्हाइताने असा शोध घ्यायचा नाही.

तिऱ्हाईत! म्हणजे मी. कायदा आणि आत्या, दोघांचे एकमत होते. अडाणी काय तो मीच ठरलो. गावात चार ठिकाणी मी चौकशी केली असती, तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा झाली असती, आणि एका आजीबाईला आपल्या सुनेसमोर मान खाली घालावी लागली असती.

पाहुण्यांना मी हे सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला त्रास देऊन मला काय मिळणार? आता रीतसर अर्ज करतो. ती नाही म्हणाली, तरी मला का दिले एवढे तरी कळेल.” निघताना त्यांनी जुन्या विहिरीचे पाणी मागितले. हल्ली ते कुणी पीत नाही, पण मी एक कळशी शेंदून दिली. ओंजळभर पिऊन ते हसले. “खारे आहे की हो!” असे म्हणून पुन्हा एक ओंजळ प्याले.

अर्ज गेला आहे. उत्तर अजून यायचे आहे.

काळ थोडाफार बदलला, हे खरे. मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी आता ६० दिवसांची मुदत असते. बापाचे नाव न सांगताही अविवाहित माता मुलाची पालक होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. आमच्याच जिल्ह्यात वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना स्वतःचे आडनाव दिले; २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कायद्याला पारावरच्या जिभा आवरता येत नाहीत. ते काम तुमचे-आमचे. मूल दत्तक घेतले असेल, तर त्याला ते लहानपणीच, मायेने सांगावे आणि कागद जपून ठेवावेत. शेजारच्या घरी असे कुणी शोधत आले, तर उत्सुकतेला जरा लगाम घालावा. जिला बोलायचे आहे, तिला निर्भयपणे बोलता येईल एवढी जागा आपण केली, तर कितीतरी बंद दारे आतूनच उघडतील.

पाहुण्यांना गाडीत बसवून मी परतलो, तेव्हा आत्या दारातच उभी होती. मला वाटले, ती विचारील की कोणत्या गावचा, काय करतो, दिसायला कुणासारखा. तिने त्यातले काही विचारले नाही.

“जेवून गेला ना थो?” एवढेच म्हणाली.

मी मान हलवली. मग ती आत जाऊन सुपातली तूर निवडू लागली.