जुन्या घराची डागडुजी: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

उज्जैनला रामघाटामागच्या गल्ल्यांत चुना, वीट आणि लाकडी तुळयांची घरे अजून राहती आहेत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिर पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. त्या काळापासून इथे मराठी कुटुंबे स्थिरावली. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी घरे नीटनेटकी करण्याची घाई होणे साहजिक आहे. डागडुजी स्वतः करायला हरकत नाही. मात्र काही समजुती आधी तपासून घ्यायला हव्यात.

१. गैरसमज: सिमेंट चुन्यापेक्षा कडक, म्हणून जुन्या भिंतीलाही तेच चांगले.

वस्तुस्थिती: पोर्टलंड सिमेंटचे पेटंटच १८२४ चे. त्याआधीच्या भिंती चुन्यावर उभ्या आहेत. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो; सिमेंटचा थर ती कोंडतो. कोंडलेली ओल वर चढते, क्षार विटेत साचतात आणि गिलाव्याआड वीट झडू लागते. म्हणून चुना, वाळू आणि सुरखीचा गिलावा पातळ थरांत लावावा आणि काही दिवस दमट ठेवावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. घाईने सुकला तर भुसभुशीत राहतो. कळीचा चुना पाण्यात विरताना उकळतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच.

२. गैरसमज: ओल आली की वॉटरप्रूफ रंग लावावा.

वस्तुस्थिती: पाणी कुठून येते ते आधी शोधा. तुंबलेली पन्हळ, सरकलेले कौल, गळकी मोरी, की वारंवार काँक्रीट होऊन जोत्याच्या वर गेलेला रस्ता? ते कारण दूर झाल्याशिवाय कोणताही रंग टिकत नाही. पावसाळ्यात क्षिप्रेला पूर आला की रामघाटावरची लहान देवळे पाण्याखाली जातात. पाणी घरात शिरले असेल तर भिंत पूर्ण वाळू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात.

३. गैरसमज: भेग बुजवली की काम झाले.

वस्तुस्थिती: माळव्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या घराच्या भेगाही ऋतूप्रमाणे उघडतात, मिटतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर पाहा. टोके पुढे सरकत नसतील तर चुन्याने भरा. भेग तिरकी वाढत असेल, दारे अडकू लागली असतील किंवा तुळई वाकली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भार पेलणारी भिंत कोणती हे न ठरवता कुठलीही भिंत पाडू नका.

४. गैरसमज: जुना रंग घासून काढला की झाले, धूळ काय, झाडता येते.

वस्तुस्थिती: दारे-खिडक्यांवरच्या जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. पृष्ठभाग ओला करूनच रंग खरवडा, बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा, कचरा पिशवीत बांधा. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

५. गैरसमज: एमसीबी बसवला की विजेचा धक्का लागत नाही.

वस्तुस्थिती: जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले की एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि त्याच्या जोडीला चांगले अर्थिंगही हवे. जुन्या घरांत अनेकदा अर्थिंगच नसते. पुराचे पाणी बोर्डापर्यंत आले असेल तर परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय वीजपुरवठा सुरू करू नका.

पन्हळी साफ करणे, कौले बसवणे, चुन्याची सफेदी आणि गिलाव्याची छोटी ठिगळे ही कामे घरच्यांनी जरूर करावीत. तुळया, भार पेलणाऱ्या भिंती आणि वीज यांची कामे मात्र जाणकारांकडेच द्यावीत. रंगाचा डबा आणण्याआधी या पावसाळ्यात घरात पाणी नेमके कुठून शिरते, ते एकदा नीट पाहून लिहून ठेवा.