जमीन किती बदलली आणि कोठे बदलली?

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवराचा परिसर पर्जन्यछायेचा. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी या भागात खेळू लागले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पाण्याबरोबर समृद्धी आली. त्याचबरोबर अतिसिंचनामुळे जमिनी पाणथळ व चोपण होण्याचा प्रश्नही दख्खनच्या कालवा क्षेत्रांत उद्भवला.

असे बदल आपण सामान्यतः बेरजेने मोजतो. सात-बाऱ्यावरील नोंदींवरून गावाचे लागवडीखालील व पड क्षेत्र काढले जाते. ही बेरीज 'किती' ते सांगते. 'कोठे' ते सांगत नाही. ही उणीव अवकाशीय संख्याशास्त्र भरून काढते.

समजा, एका शिवाराचे १० बाय १० असे १०० समान चौकोन पाडले व त्यांपैकी २० चौकोन पाच वर्षांत पड झाले. बाजूला बाजू लागून असलेल्या चौकोनांच्या एकूण जोड्या १८० होतात. पड चौकोन केवळ योगायोगाने विखुरलेले असतील, तर दोन्ही चौकोन पड असलेल्या जोड्या सरासरीने सुमारे ७ निघतील. तेच २० चौकोन ४ बाय ५ अशा सलग पट्ट्यात असतील, तर या जोड्या ३१ भरतील. बेरीज दोन्हीकडे २०च. अर्थ मात्र निराळा. शेजारच्या जोड्या मोजण्याची ही रीत संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी १९४८ साली शास्त्रशुद्ध पायावर मांडली.

जमीन विखुरलेली पड असेल, तर कारणे बहुधा ज्याच्या त्याच्या शेतात शोधावी लागतात : आटलेली विहीर, वाटणी, मजुरांची टंचाई. सलग पट्टा पड असेल, तर पाझर किंवा तुंबलेला नाला अशा सामाईक कारणाचा संशय घ्यावा. तेथे एकट्या शेतकऱ्याने चर खोदून भागत नाही. निचऱ्याची योजना सर्वांनी मिळूनच करावी लागते.

अर्थात नकाशा कारण सिद्ध करीत नाही. माती व विहिरीचे पाणी तपासलेच पाहिजे. तुलनेच्या दोन्ही वर्षी चौकोन आणि वर्गवारी एकच असली पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. ही माहिती गटवार नकाशावर रंगवून ग्रामसभेपुढे ठेवली, तर निधी कोठे खर्चावा याचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल.