शस्त्रक्रियेपूर्वी (लेखांक ७) : पोटावरची खूण

मागच्या लेखात कोलोस्टॉमी आणि इलिओस्टॉमी यांतला फरक पाहिला. पहिलीत मोठं आतडं पोटाच्या त्वचेवर उघडतं, बहुधा डावीकडे. दुसरीत लहान आतडं, बहुधा उजवीकडे. या तोंडाला स्टोमा म्हणतात. तो पोटावर नेमका कुठे यावा, हे कधी ठरवायचं?

रुग्णाला भूल दिल्यावर तर नक्कीच नाही. आडव्या माणसाचं पोट सपाट दिसतं. तोच उठून बसला की पोटाला वळ्या पडतात. स्टोमा वळीत गेला की मल गोळा करणाऱ्या पिशवीची त्वचेला चिकटवलेली चकती सुटते, गळती होते, कातडी सोलवटते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच सर्जनकडून किंवा स्टोमा नर्सकडून पोटावर पेनाने खूण करून घ्यावी. झोपून, बसून, उभं राहून, वाकून पोट दाखवायचं. जागा बेंबी, जुने व्रण आणि कमरेचं हाड यांपासून दूर हवी आणि तुमची तुम्हाला दिसायला हवी. सुटलेल्या पोटाच्या खालच्या बाजूला स्टोमा आला, तर पिशवी बदलायला जन्मभर दुसऱ्याचे हात लागतात.

माहितीपत्रकांतला रुग्ण बहुतेक खुर्चीवर बसलेला असतो. तुम्ही मांडी घालून जेवत असाल, शेतात उकिडवे बसत असाल, तर डॉक्टरांसमोर तसं बसून दाखवा. लाजू नका. रोजचेच कपडे घालून जा. परकराची नाडी, धोतराची गाठ किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, ते रुग्णालयाच्या गाऊनमध्ये कळत नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत एवढी सवड मिळेलच असं नाही. तारीख ठरलेली असेल, तर मात्र हा आग्रह धराच.

खूण झाली की एक पिशवी मागून घ्या, तीत थोडं पाणी भरा, ती खुणेवर चिकटवा आणि दिवसभर घरात वावरा. स्वयंपाक करा, जिना चढा, रात्री कुशीवर झोपून पाहा. वासाची धास्ती सगळ्यांनाच असते. पण नीट चिकटलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. तो येतो रिकामी करताना किंवा गळती झाल्यावर. पिशवी निम्मी भरायच्या आतच रिकामी करावी.

घरचे डॉक्टरांना हळूच सांगतात, ‘पेशंटला पिशवीचं बोलू नका.’ हेतू मायेचाच, पण याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. शुद्धीवर आल्यावर पोटावर अचानक पिशवी दिसणं हा फार मोठा धक्का असतो. त्याआधी रडू येऊ द्यावं, चिडू द्यावं. ती तात्पुरती की कायमची, हे रुग्णाने स्वतः विचारावं. स्टोमाचा फोटोही पाहून ठेवावा. तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो, आणि हात लावला तरी दुखत नाही. रुग्ण घरातली आजी असेल, तर देवाला शिवायचं की नाही, हा प्रश्न ती डॉक्टरांना विचारणार नाही, मनात मात्र ठेवेल. अंघोळीला काही आडकाठी नाही, मग देवघराला कसली? घराने हे तिला आधीच सांगून टाकावं.

शक्य असेल तर पिशवी वापरणाऱ्या कुणाशी तरी बोला. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल यांना स्टोमाच्या रुग्णांसाठी कामावर घेतलं. त्या नर्स नव्हत्या. त्यांची स्वतःची इलिओस्टॉमी झालेली होती. आजच्या स्टोमा नर्सच्या प्रशिक्षणाची सुरुवात त्यांच्या कामातून झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही स्टोमा क्लिनिक आहे.

राहिली खरेदी. तालुक्याच्या औषध दुकानात पिशव्या मिळतीलच असं नाही, म्हणून कुठे मिळतात ते आधीच विचारून ठेवा. पण एकदम गठ्ठा आणू नका. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो आणि चकतीचं माप बदलतं. तोवर भोक कात्रीने हवं तेवढं कापता येईल अशीच चकती घ्यावी.