छोट्या हत्तीत पत्रे, प्लायवूड आणताय? लाल फडकं बांधून भागत नाही. हे नियम आणि हिशेब आधी बघा

पाऊस तोंडावर आला की गोठ्याचं, घराचं पत्र्याचं काम निघतं. तालुक्याच्या दुकानातून पत्रे घ्यायचे, छोटा हत्ती ठरवायचा आणि मागं चार-पाच फूट बाहेर आलेल्या पत्र्याला लाल फडकं बांधून निघायचं, ही आपल्याकडची रीत. "काही होत नाही मामा, रोजचंच आहे," असं ड्रायव्हरही सांगतो. पण अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते फडकं दिसत नाही आणि पत्र्याची कड बरोबर त्याच्या गळ्याच्या उंचीवर असते.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी मालवाहू गाडीच्या मागं १ मीटरपर्यंत माल बाहेर ठेवायची सूट होती. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती काढून टाकली. आता माल मागं, पुढं किंवा बाजूला बाहेर काढता येत नाही, लाल फडकं असो वा नसो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वर माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. जादा वजन भरलं तर त्याचा दंड वेगळा.

आधी टेप लावा

छोट्या हत्तीचा हौदा मॉडेलनुसार साधारण सव्वासात फूट लांब आणि पावणेपाच ते पाच फूट रुंद असतो. प्लायवूडचा शीट ८ बाय ४ फुटांचा. म्हणजे रुंदीत तो आरामात बसतो, पण लांबीला ९-१० इंच बाहेर येतो. फाळका उघडा ठेवला तर मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जायची भीती.

त्यावर उपाय आहे. शीटची मागची कड बंद फाळक्याला टेकवायची आणि पुढची बाजू केबिनकडं साधारण साडेतीन फूट उचलून तिरकी ठेवायची. मग ८ फुटी शीट हौद्याच्या आत बसतो. मधे लाकडी ठोकळ्यांचा आधार द्या, नाहीतर प्लायवूडला बाक येतो. शीट जास्त असतील तर ८ फुटांपेक्षा लांब हौद्याची मोठी पिकअपच बघा.

१२ फुटी पत्रे असतील तर?

ते छोट्या हत्तीत आणूच नका. दोन मार्ग आहेत. एक, शेजारच्या दोघा-तिघांचा माल एकत्र करून १४ फुटी टेम्पो करा. भाडं वाटून घेतलं की फार फरक पडत नाही.

दुसरा, रंगीत पत्रे अनेक ठिकाणी मापाप्रमाणे कापून मिळतात. समजा छपराचा उतार १३ फूट आहे. पावणेसात फुटांचे दोन पत्रे घेतले आणि ६ इंच एकमेकांवर चढवले, की बरोबर १३ फूट होतात आणि पत्रे हौद्यातही बसतात. मात्र जोड आडव्या पाईपवरच आला पाहिजे. छपराला उतार कमी असेल तर जोड जास्त चढवा, नाहीतर पाणी आत येतं. हे मिस्त्रीला आधी विचारूनच माप द्या.

वारा किती जोर लावतो?

ताशी ६० च्या वेगात ८ बाय ४ च्या शीटवर वारा पूर्ण भरला तर ५० किलोच्या आसपास जोर बसतो. १८ मिमीच्या शीटचं वजन ३० ते ३५ किलो आणि पत्रा तर त्याहून हलका. म्हणजे वारा खालून शिरला की वरचा पत्रा उडणारच. वेग ६० वरून ४० वर आणला तर हा जोर निम्म्याहून कमी होतो.

काही जण पत्र्यावर माणूस बसवतात. हे अजिबात करू नका. पत्रा उचलला तर माणूसही त्याच्याबरोबर जातो.

बांधायचं कसं?

- पत्र्यांची पुढची कड हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकली पाहिजे. रंगीत पत्रे गुळगुळीत असतात, ब्रेक लागला की पुढं सरकतात.
- पुढं, मधे आणि मागं असे किमान तीन ठिकाणी दोर किंवा पट्टे आवळा. एकाच दोरावर सगळा भार नको.
- दोर जिथं पत्र्याच्या कडेवर येतो, तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा पोतं घाला. धारेवर दोर कापला जातो.
- दोन-तीन किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा आवळा. हादऱ्यानं माल बसतो आणि दोर सैल पडतो.

वजनाचाही हिशेब करा

अर्धा मिमी जाडीचा १२ फुटी पत्रा साधारण १६ ते १८ किलोचा भरतो. १८ मिमीचे १५ प्लायवूड म्हणजे जवळपास ५०० किलो. त्यावर "जाताजाता टाका" म्हणून सिमेंटच्या ८ गोण्या टाकल्या, की ४०० किलो आणखी वाढले. छोट्या हत्तीची क्षमता मॉडेलनुसार सातशे-साडेसातशे किलोच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या आरसीवरून काढता येतो.

भाडं ठरवतानाच ड्रायव्हरला मालाची लांबी आणि वजन सांगा. तो "बाहेर काढून नेतो" म्हणाला, तर दुसरी गाडी बघा. आणि शक्यतो माल उजेडातच घरी आणा.