सहा तारा आणि आठ मद

गिटार वाजवणाऱ्यांच्या कोणत्याही मेळ्यात नवागताला पहिल्याच दिवशी चार शब्दांत आपली ओळख करून द्यावी लागते. मंडळी वर्तुळात बसलेली असतात. कुणी तारा जुळवीत असतो, कुणी हलक्या हाताने एखादी ओळ छेडीत असतो. आणि मग सर्वांची दृष्टी नव्या माणसाकडे वळते. वीस वर्षांच्या मुलाला हा प्रसंग जड जात नाही. साठी उलटलेल्या निवृत्त गृहस्थाची मात्र येथे परीक्षा होते. गेली पस्तीस-चाळीस वर्षे त्याने आपली ओळख पदाने, संस्थेच्या नावाने किंवा दुकानाच्या पाटीने करून दिलेली असते. या वर्तुळात ते नाणे चालत नाही. येथे एवढेच विचारले जाते : गिटार कोणती आणि किती दिवस वाजवता?

असे गृहस्थ आता विरळ राहिलेले नाहीत. नातवासाठी हौसेने आणलेली गिटार वर्षभरात कोपऱ्यात धूळ खात उभी राहते आणि एके दिवशी आजोबाच ती हाती घेतात. कुणाला तरुणपणी राहून गेलेली हौस पुरवायची असते. कुणाला मंदिरातील भक्तिसंध्येत स्तवनांना साथ करण्याची इच्छा असते. निवृत्तीनंतर हाती आलेला वेळ चार भिंतींत बसून संपवण्यापेक्षा काही शिकण्यात जावा, ही भावना तर सर्वांचीच असते. अडथळा येतो तो बोटांचा आणि त्याहून अधिक मनाचा.

ज्येष्ठता कशाने मोजावी?

या प्रसंगी जैन परंपरेतील एक रीत आठवावी. साधुसंघात ज्येष्ठता वयाने मोजत नाहीत. ती दीक्षापर्यायाने, म्हणजे दीक्षा घेतल्यापासून लोटलेल्या काळाने मोजतात. साठाव्या वर्षी दीक्षित झालेले मुनी, आधी दीक्षा घेतलेल्या पंचवीस वर्षांच्या मुनींना वंदन करतात. पूर्वाश्रमी कोण शेठ होता आणि कोण अधिकारी होता, याला तेथे स्थान नसते.

हे वंदन किती कठीण असते, हे श्वेतांबर परंपरेतील बाहुबलींच्या कथेत सांगितले आहे. भरताशी झालेल्या युद्धात विजय समोर असताना बाहुबलींनी राज्याचा त्याग केला आणि दीक्षा घेतली. परंतु प्रभू ऋषभदेवांकडे जावे, तर त्यांच्याआधी दीक्षित झालेल्या अठ्ठ्याण्णव धाकट्या भावांना वंदन करावे लागणार होते. तेवढ्यासाठी ते वर्षभर एका जागी ध्यानस्थ उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. अखेर ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी येऊन त्यांना हत्तीवरून खाली उतरण्यास सुचविले. तो हत्ती मानाचा होता. भावांना वंदन करण्यासाठी त्यांनी पाऊल उचलले मात्र, आणि केवलज्ञान प्रकटले. राज्य, वैभव आणि वैर सोडूनही मान तेवढा शिल्लक राहिला होता.

संसारी माणसाच्या छोट्याशा छंदाला एवढ्या थोर कथेची जोड देण्यात औचित्य आहे, कारण हत्ती तोच आहे. गिटारच्या वर्गात शिकवणारा मुलगा नातवाच्या वयाचा असतो. तो नवागताला ‘काका’ म्हणतो. नवागताने त्याला ‘सर’ म्हणावयाचे असते. हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना जीभ थोडी अडखळते. ती अडखळणे थांबले की निम्मे शिक्षण झाले, असे समजावे.

गिटारने स्वतःची ओळख कशी दिली?

नवागताला धीर देणारी गोष्ट अशी, की भारतीय संगीताच्या मैफलीत गिटार स्वतःही एकदा नवागतच होती. आज जी गिटार सर्वत्र दिसते, तिच्या आकाराला स्पेनमधील कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांनी एकोणिसाव्या शतकात निश्चित रूप दिले. तिच्या सहा तारा जाड तारेपासून क्रमाने ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत जुळवतात. दांड्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणारी मींड तिच्यावर सहज निघत नाही. आणि मींडेवाचून रागसंगीत उभे राहत नाही.

वाट मिळाली ती दूरच्या हवाई बेटांतून. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत भारतात आली आणि जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यात रागसंगीताची शक्यता ओळखली. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. 1967 साली पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्यासमवेत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार घरोघरी पोहोचली. पुढे जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा घडवली आणि 1994 साली अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासमवेत ग्रॅमी पुरस्कार मिळवला.

या इतिहासात एक बोध आहे. गिटार भारतीय मैफलीत आली ती आपला पाश्चात्त्य दिमाख मिरवीत आली नाही. ती जमिनीवर बसली, मांडीवर आडवी झाली आणि येथील गुरूंकडून येथील व्याकरण शिकली. त्यानंतर तिला आसन मिळाले.

ओळखीत काय सांगावे?

गिटार वाजवणारी माणसे नवागताकडून थोड्याच गोष्टी जाणू इच्छितात. पहिली, वाद्य कोणते : नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार, धातूच्या तारांची अकौस्टिक की इलेक्ट्रिक. दुसरी, किती काळ वाजवतो आणि कुणाकडे शिकतो. तिसरी, काय वाजवावेसे वाटते : जुनी हिंदी गाणी, भावगीते, स्तवने की पाश्चात्त्य संगीत. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, कोठे अडले आहे.

ही चौथी गोष्ट सांगण्यास माणसे लाजतात. वास्तविक तीच ओळखीचा प्राण आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत डाव्या हाताची बोटे तारांनी हुळहुळतात, नंतर त्यांच्या टोकांना घट्टे पडतात आणि वेदना कमी होते. जी, सी, डी अशा काही कॉर्ड थोड्या सरावाने बसतात. मग ‘एफ’ येते. तिच्यासाठी तर्जनी सर्व तारांवर आडवी दाबून उरलेल्या बोटांनी इतर तारा धराव्या लागतात. बहुतेक सर्व शिकाऊ येथे महिनोन्‌महिने अडतात. ‘‘एफ अजून लागत नाही,’’ एवढे वाक्य नवागताने उच्चारले, की वर्तुळात ओळखीचे हसू पसरते. ते हसू उपहासाचे नसते. प्रत्येक जण त्या वाटेने गेलेला असतो. लगेच कुणी अंगठा कोठे ठेवावा ते दाखवतो, कुणी कोपर अंगाजवळ घेण्यास सांगतो.

बोटांच्या मर्यादा सांगण्यातही संकोच नसावा. फ्रान्समध्ये नावारूपास आलेले जँगो राइनहार्ट 1928 मधील आगीत भाजले आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर भर देऊन त्यांनी नवी वादनपद्धती घडवली आणि ते जगातील श्रेष्ठ गिटारवादकांत गणले गेले. सांधे आखडलेल्या गृहस्थाने आपली अडचण मोकळेपणाने सांगितली, तर शिकवणाराही त्याला मऊ, नायलॉनच्या तारांची गिटार सुचवू शकतो. न सांगितलेल्या दुखण्यावर कोणाला उपाय सुचवता येत नाही.

श्रावकाचा एक प्रश्न

जैन घरातील नवागताच्या ओळखीत आणखी एक प्रश्न असतो आणि तो विचारण्यात कमीपणा मानू नये. वाद्यात प्राणिज काय आहे?

हा प्रश्न निराधार नाही. पूर्वी गिटारच्या तारा मेंढ्यांच्या आतड्यांपासून करीत. दुसऱ्या महायुद्धात ती सामग्री शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि तारा दुर्मीळ झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. थोर स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्यांचा पुरस्कार केला. आज क्लासिकल गिटारवर सर्वत्र नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम तारा असतात. तारा छेडण्याच्या पिकसाठी पूर्वी कासवाचे कवच वापरीत. आता त्या जागी प्लास्टिक व नायलॉन आले आहे.

तरी काही भागांची चौकशी करावी. तारा ज्या दोन लहान पट्ट्यांवर टेकतात, त्या महाग गिटारींत पुष्कळदा हाडाच्या असतात. स्वस्त गिटारींत त्या बहुधा प्लास्टिकच्याच असतात. पट्टा चामड्याचा असू शकतो; तेथे सुती किंवा नायलॉनचा घ्यावा. हाताने घडवलेल्या काही वाद्यांत जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस आणि किड्यांपासून मिळणाऱ्या चपडी लाखेचे पॉलिश वापरतात. दांड्यावरची चमकणारी नक्षी शिंपल्याची असू शकते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची गणना आहे. ते नियम व्यापाराविषयी असले, तरी जे विकणे दोषाचे, ते विकत घेताना विचार करणे ओघानेच येते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांच्या घोडीविषयीही हाच प्रश्न विचारता येतो. गिटार त्याला अपवाद नाही.

मात्र हा प्रश्न आपल्यासाठी असावा, शेजाऱ्याच्या वाद्याचा निवाडा करण्यासाठी नसावा. ‘‘आमच्या घरी प्राणिज वस्तू टाळतात, अशी गिटार कोणती मिळेल?’’ असे विचारणाऱ्याला दहा माणसे आनंदाने माहिती देतात. दुसऱ्याच्या गिटारकडे बोट दाखवून हिंसेचे व्याख्यान देणाऱ्याजवळ कोणी बसत नाही. त्यात अहिंसाही राहत नाही आणि अनेकांतही.

आठ मद

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर असे आठ मद सांगितले आहेत. आश्चर्य असे, की चारचौघांत ओळख करून देताना घसरण होते ती बहुधा यांतल्याच एखाद्यावरून. संगीतशास्त्राचे अवजड शब्द फेकणे हा ज्ञानमद. मिळालेले मानसन्मान आणि भूषविलेली पदे सांगणे हा पूजामद. घराण्यात कोण गवई होते हे ऐकवणे हा कुलमद. गिटार किती हजारांची आहे हे न विचारता सांगणे हा ऋद्धिमद. आणि एक गिटार घेतली की दुसरीची, मग तिसरीची ओढ लागते, म्हणून येथे परिग्रहाची मर्यादाही सांभाळावी लागते. रोज किती तास रियाज करतो याची जाहिरात हा तपमदाचाच एक प्रकार.

याच्या उलट टोकालाही एक दोष आहे. वर्षभर शिकून ‘‘मला काहीच येत नाही’’ असे म्हणणे हा विनय नव्हे. ते असत्य आहे. त्यामुळे शिकवणाऱ्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो आणि दोघांचाही वेळ जातो. चोख ताळेबंदात मालमत्ता फुगवून दाखवीत नाहीत, तशी लपवीतही नाहीत; देणे असेल तेही लिहितात. ओळखही तशीच असावी.

म्हणून पहिल्या दिवशी साठीच्या गृहस्थाने इतकेच म्हणावे : ‘‘नमस्कार. माझे नाव अमुक. वय त्रेसष्ट. नातवाची गिटार घेऊन चार महिन्यांपूर्वी आरंभ केला. पाच कॉर्ड येतात, एफ येत नाही. डाव्या करंगळीचा सांधा दुखतो. दोन स्तवने साथीसह वाजवता यावीत अशी इच्छा आहे. आपण सर्व माझ्याआधी शिकू लागलेले आहात. चुकेल तेथे सांगावे.’’

यात पद नाही, पगार नाही, पाटी नाही. तरीही ऐकणाऱ्यांना माणूस पुरता कळतो आणि त्याला कोणती मदत करावी हेही कळते. मग वर्तुळात जरा सरकून जागा केली जाते, एखादा अठरा वर्षांचा मुलगा हात पुढे करून म्हणतो, ‘‘काका, गिटार द्या, आधी तारा जुळवून घेऊ.’’ त्या वेळी गिटार निःसंकोचपणे त्याच्या हाती द्यावी आणि तो काय करतो ते लक्षपूर्वक पाहावे.