‘आय सेव्हन’ एवढ्यावर पैसे मोजू नका

कऱ्हाड किंवा सांगलीत इंजिनिअरिंगला असलेला मुलगा घरी पीसीचा विषय काढतो, तेव्हा पहिलं नाव येतं ‘आय सेव्हन’चं. जुन्या मालाच्या जाहिरातींतही तेच ठळक असतं. पुढचा आकडा मात्र कुणी विचारत नाही, आणि पैसे बुडतात ते तिथंच.

गैरसमज : आय सेव्हन कधीही आय थ्रीपेक्षा भारी.

वस्तुस्थिती : आय ७-२६०० आला २०११ साली. आय ३-१२१००एफ आला २०२२ साली. दोन्हींत चार कोअर, आठ थ्रेड. तरी गेममध्ये हा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो, कारण नव्या पिढीचा कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे आय ७-२६०० त्यात बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एव्हीएक्स २ हा सूचनासंच नाही म्हणून काही नवे गेम या जुन्या चिपवर सुरूच होत नाहीत. स्वस्तात मिळाला तरी तो महागच.

गैरसमज : गिगाहर्ट्‌झ जास्त, वेग जास्त.

वस्तुस्थिती : २०१३ चा एएमडी एफएक्स-९५९० पाच गिगाहर्ट्‌झपर्यंत जायचा, २२० वॉटचा होता, आणि बहुतेक गेममध्ये कमी गिगाहर्ट्‌झच्या आय ७-४७७०के पुढे हरायचा. ‘एएमडी तापतो’ ही ख्यातीही त्याच काळातली. रायझन ५ ५६०० हा ६५ वॉटचा आहे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलं, तर कुठल्याही कंपनीचा प्रोसेसर तापेलच.

गैरसमज : नाव जवळपास सारखं, म्हणजे माल सारखाच.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त फसगत इथं होते. रायझन ५ ५५००, ५६०० आणि ५६००जी, तिन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे. पण ५६०० ला ३२ एमबी एल ३ कॅश आहे, उरलेल्या दोघांना १६, आणि ती कमतरता फ्रेम रेटमध्ये दिसते. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, म्हणून ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी घेणार असाल तर तो घ्यावा. मात्र आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून ८ जीबीच्या दोन रॅम लावाव्यात, १६ ची एकच नको. आय ५-१२४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय मॉनिटर काळाच राहणार; त्यात दुकानदाराचा दोष नाही.

गैरसमज : गेमिंगसाठी जास्तीत जास्त पैसा प्रोसेसरमध्ये घालावा.

वस्तुस्थिती : मोठ्या कथानकांच्या गेममध्ये भार ग्राफिक्स कार्डावर असतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मात्र प्रोसेसरला पिळतात, तरी तिथंही १२४००एफ किंवा ५६०० बहुतेकांना पुरून उरतो. वरचे पैसे कार्डात घाला. घरी चांगली डीडीआर ४ रॅम असेल तर ५६०० सोबत चालेल. १२४००एफ घेताना मात्र त्या रॅमसाठी डीडीआर ४ चा बोर्ड मागून घ्यावा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात थोडं स्वस्त मिळेलही, पण बॉक्स पीस (कंपनीच्या खोक्यातला) आणि ट्रे पीस (खोक्याविना सुटा) यांच्या भावात फरक असतो. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेच्या वॉरंटीचं विक्रेत्याकडूनच लिहून घ्यावं. बिलावर ‘सीपीयू, १ नग’ चालणार नाही : शेवटच्या अक्षरासकट पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर हवा.