सुट्टीतलं वाचन: पुस्तकं आणली, पुढे काय?

जून उजाडला, शाळांना सुट्टी लागली. आता ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी सप्टेंबर लागेपर्यंत, मुलं घरी. इथे अमेरिकेत बहुतेक सार्वजनिक लायब्रऱ्यांमध्ये उन्हाळी वाचनाचा मोफत उपक्रम सुरू झाला असेल. आपण उत्साहाने मुलांची नावं नोंदवतो, पिशवी भरून पुस्तकं आणतो. पहिला आठवडा छान जातो आणि मग पिशवी कोपऱ्यात पडून राहते. म्हणून आज बोलूया, पुस्तकं घरी आणल्यावर काय करायचं याबद्दल.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. वाचन म्हणजे नेमकं काय? 1986 साली गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी याचं सोपं गणित मांडलं. वाचनाचे दोन भाग असतात. एक, छापलेली अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं. दुसरा, ती भाषा ऐकली तर समजणं. त्यांनी या दोन्हींचा गुणाकार केला, बेरीज नाही. म्हणजे एक भाग शून्य असेल, तर दुसरा कितीही पक्का असला तरी हाती शून्यच.

आता आपल्या घरातलं चित्र पाहा. चौथी-पाचवीतलं मूल इंग्रजी पुस्तक भराभर वाचतं. पण 'काय झालं रे गोष्टीत?' विचारलं की अडखळतं. तिथे अक्षरांचा भाग पक्का आहे, समजण्याचा कच्चा. मराठीत त्याच मुलाचं उलट असतं. आजीची गोष्ट त्याला सगळी कळते, पण जोडाक्षर आलं की गाडी अडते. दुखणी दोन, तेव्हा औषधंही दोन.

इंग्रजीसाठी औषध आहे गप्पा. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी तिसरी ते पाचवीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीत नुसती पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही. पण पुस्तकांच्या जोडीला ज्यांना वाचलेलं कसं समजून घ्यायचं ते शिक्षकांनी शिकवलं आणि ज्यांनी घरच्यांना वाचून दाखवलं, त्यांची प्रगती झाली.

तेव्हा रोज वीस मिनिटं वाचन आणि पाच मिनिटं गप्पा, एवढं ठरवा. 'किती पानं झाली?' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: 'तो असं का वागला?' 'आता पुढे काय होईल?' 'तू असतास तर काय केलं असतंस?' आणि हे प्रश्न खुशाल मराठीत विचारा. पुस्तक इंग्रजी असलं तरी विचार मराठीत करता येतो. इंग्रजीत वाचलेलं मराठीत सांगायचं, तर ते आधी नीट समजावंच लागतं.

विषय मात्र मुलांना निवडू द्या. रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. म्हणून डायनोसॉर, क्रिकेट, चित्रकथा, काहीही चालेल. एकाच विषयाची तीन-चार पुस्तकं लागोपाठ वाचली, तर त्यातले शब्दही पक्के होतात. पुस्तक झेपेल का, हे पाहायला मधलंच एखादं पान उघडा आणि अडलेल्या शब्दांवर एकेक बोट मोडा. पाचही बोटं संपली, तर ते पुस्तक तूर्त आपण वाचून दाखवायचं.

मराठीसाठी औषध वेगळं. तिथे अक्षरांचा सराव हवा, पण थोडा आणि रोजचा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, सोप्या ते अवघड अशा पातळ्यांनुसार लावलेल्या. पहिल्या पातळीत पानावर जेमतेम एक-दोन वाक्यं असतात. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं घरातलीच बोली बोलतात, त्यामुळे मुलांना ती परकी वाटत नाहीत. कुणी भारतातून येणार असेल, तर लाडवांच्या डब्याशेजारी अशी दोन पुस्तकं मागवा.

आणि वाचून दाखवायला श्रोता हवाच. न्यू जर्सीत सकाळचे आठ, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा आणि नातवंडाला रोज एक पान वाचू द्या. चूक झाली तर लगेच टोकू नका, असं आजींनाही आधीच सांगून ठेवा! वाक्य पूर्ण होऊ द्यावं, मग तो शब्द दोघांनी मिळून पुन्हा वाचावा.

सुट्टी साधारण दहा आठवड्यांची. रोज पाच मिनिटं म्हटली, तरी जवळजवळ सहा तास गप्पा होतात. शाळेत एकट्या आपल्या मुलासाठी एवढा वेळ कुणाला मिळणार? तो आपल्याकडे आहे. तर आज रात्री जेवताना पहिला प्रश्न विचारून बघा. पुन्हा भेटूच. नमस्कार!